जपायला निघालेले हात

(सुलतानपूर, ता. लोणार, जि. बुलडाणा इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



सुलतानपूर हे बाहेरच्यांसाठी वाटेवरचं गाव. जुन्या नागपूर–मुंबई रस्त्याने येणारा पर्यटक इथे चहा घेतो, लोणारकडे कुठून वळायचं ते विचारतो आणि जातो. म्हणून आज मुद्दाम इथे थांबून बोलावं असं आम्हांला वाटलं. कारण आजचा विषय नेमका हाच आहे. येणारा येतो आणि जातो, पण तो गेल्यावर मागे काय राहतं?

विषय सुचला तो तुमच्याच गावातून. या व्याख्यानाचं फोनवर बोलणं चाललं होतं, तेव्हा इथल्या एका काकांनी मधेच विचारलं, "सर, आमच्या पोरीला परदेशात एक जुनी वास्तू जपायला जायचं आहे. तीन आठवडे. पगार तर नाहीच, उलट आपणच पैसे भरायचे. असं खरंच असतं का?" मग त्यांनी माहितीपत्रक पाठवलं. शुल्क आणि विमानाचं तिकीट धरून रक्कम होत होती, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, 'एका हंगामाची सोयाबीन'.

त्या पत्रकाच्या पहिल्या पानावर फोटो होता. डोक्यावर हेल्मेट, हातात थापी, चेहऱ्यावर हसू अशी चार-पाच तरुण मुलं आणि त्यांच्यासमोर शेकडो वर्षांची भिंत. आम्ही तो फोटो बराच वेळ पाहिला. त्यात एक माणूस नव्हता. त्या गावचा गवंडी नव्हता. ही मुलं परत गेल्यावर त्या भिंतीकडे जो पाहणार आहे, तो फोटोत कुठेच नव्हता.

आम्ही काकांना फोनवर उत्तर दिलं नाही. म्हटलं, व्याख्यानात देतो. तर आज ते उत्तर द्यायचं आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. परक्या देशात जाऊन फुकट राबण्याची परंपरा थोर आहे आणि ती थट्टेची गोष्ट नाही. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा पिएर सेरेसोल नावाच्या स्विस इंजिनिअरने १९२० मध्ये व्हर्दूंजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात निरनिराळ्या देशांतले स्वयंसेवक नेले. कालपर्यंत एकमेकांचे शत्रू असलेल्या देशांतली माणसं तिथे शेजारी-शेजारी विटा उचलू लागली. त्यातून 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संघटना उभी राहिली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः भारतात आले. आणि आपल्या विदर्भातच बघा ना, बाबा आमट्यांच्या आनंदवनात १९५० च्या दशकात याच संघटनेचे स्वयंसेवक येऊन राहिले, त्यांनी दवाखान्याच्या इमारती बांधल्या. कुष्ठरोग्यांच्या सावलीलाही लोक उभे राहत नसत त्या काळात हे घडलं. त्या विटांची किंमत रुपयांत काढता येत नाही.

पण इथे एक फरक लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आनंदवनात ते नवी भिंत बांधत होते. नवी भिंत वाकडी झाली तर पाडून पुन्हा बांधता येते. जुनी भिंत एकदा बिघडली की बिघडली. नव्या बांधकामात हौशी हाताची चूक म्हणजे दोन दिवसांची मजुरी. जुन्या बांधकामात तीच चूक कायमची. श्रमदानाची आपली सगळी कल्पना नव्या भिंतीवरून आली आहे, आणि आपण ती जशीच्या तशी जुन्या भिंतीला लावतो. आमचा आक्षेप तिथे आहे.

मग जुन्या वस्तूंच्या बाबतीत अडाणी हातांचा उपयोगच नाही का? आहे. ४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीत फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीचा पूर शिरला. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरात लाखो पुस्तकं चिखलात बुडाली. देशोदेशींचे विद्यार्थी मिळेल त्या गाडीने तिथे पोचले. त्यांना पुढे 'चिखलातले देवदूत' असं नाव पडलं. त्यांनी केलं काय? रांगा लावल्या आणि हातोहात पुस्तकं वर आणली, चिखल उपसला. पुस्तकांची दुरुस्ती त्यांनी केली नाही. ते काम जाणकारांकडे गेलं, आणि वर्षानुवर्षं चाललं. म्हणजे ओझं वाहायला हजार हात, आणि पानाला हात लावायला मोजके. ही वाटणी तिथे पाळली गेली, म्हणून त्या देवदूतांचं नाव राहिलं.

आता आपल्या घराजवळ येऊ. आपला बुलडाणा ज्या डोंगररांगेवर बसला आहे, तिचं नाव अजिंठ्याची रांग. त्या रांगेच्या पलीकडच्या अंगाला, वाघूर नदीच्या वळणावर ती लेणी आहेत. परदेशी जाऊन पदरमोड करून वारसा जपण्याचं सगळ्यांत मोठं उदाहरण आपल्याला तिथेच सापडतं. ते नीट तपासू. नुसतं कौतुक नको आणि नुसती टीकाही नको.

ख्रिस्तियाना हेरिंगहॅम ही इंग्लंडमधली चित्रकार बाई. जन्म १८५२ चा. १९०६ मध्ये तिने अजिंठा पहिल्यांदा पाहिला. भिंतींवरची चित्रं झडत होती, काळवंडत होती. तिने ठरवलं की यांच्या नकला झाल्या पाहिजेत. १९०९ ते १९११ या काळात दोन हिवाळे ती पुन्हा आली, डोंगरात तंबू ठोकून राहिली आणि अंधाऱ्या लेण्यांत काम केलं. तेव्हा तिचं वय सत्तावन्न-अठ्ठावन्न होतं. कोणत्या सरकारने तिला पाठवलं नव्हतं, पगारही नव्हता. आजच्या भाषेत ती स्वयंसेवकच.

पण माहितीपत्रकातल्या मुलांत आणि तिच्यात एक फरक आहे. अजिंठ्याला नकला करायला येण्याच्या दहा वर्षं आधी तिने चेन्नीनो चेन्नीनी या जुन्या इटालियन चित्रकाराच्या तंत्रावरच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं होतं, १८९९ मध्ये. गिलावा कसा करायचा, रंग कशात खलायचा, अंड्याचा बलक कुठे वापरायचा, हे तिने नुसतं वाचलं नव्हतं, हाताने करून पाहिलं होतं. अजिंठ्याच्या भिंतीपुढे ती उभी राहिली तेव्हा त्या भिंतीची भाषा तिला थोडीफार येत होती.

आणि तिने काम कोणतं निवडलं? नकलेचं. चित्र दुरुस्त करण्याचं काम तिने अंगावर घेतलं नाही. भिंतीवर जे आहे ते कागदावर उतरवायचं, म्हणजे उद्या भिंत गेली तरी काय होतं ते कळेल. आम्ही याला 'नोंद' म्हणतो. वारसा जपण्याचं हे सगळ्यांत नम्र काम, आणि सगळ्यांत टिकाऊ.

टिकाऊ म्हणताना जरा थांबायला हवं, कारण अजिंठ्याच्या नकलांचं नशीब विचित्र आहे. हेरिंगहॅमच्या आधी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४० च्या दशकापासून वर्षानुवर्षं तिथे राहून मोठमोठ्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये आग लागली तेव्हा जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करवून घेतल्या. त्यांतल्या शंभरावर १८८५ मध्ये लंडनमध्येच, साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. हेरिंगहॅमनंतर जपानचे चित्रकार आराई काम्पो आले. त्यांच्या नकला टोकियोच्या १९२३ च्या भूकंपात गेल्या.

लेणी डोंगरात उभीच राहिली आणि त्यांना वाचवायला केलेल्या नकला सुरक्षित म्हणून नेलेल्या शहरांत जळाल्या. यावर हसायचं की रडायचं? आम्ही यातून एवढंच घेतो की नोंद करणं पुरेसं नाही, नोंद कुठे ठेवली हेही महत्त्वाचं. अजिंठ्याची नोंद अजिंठ्याच्या माणसांच्या हाती नव्हती.

नकला करणंही अगदी निर्दोष नव्हतं. ग्रिफिथ्स यांच्या काळात चित्रं नीट दिसावीत म्हणून भिंतींवर वार्निश लावलं गेलं. नोंद करणाऱ्यानेच मूळ वस्तूला चोपडलं. हेतू वाईट नव्हता. आजच्या व्याख्यानात वाईट हेतूचा माणूस तुम्हांला कुठेच भेटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता हेरिंगहॅमच्या कामावर टीका. तिच्या नकलांचा ग्रंथ लंडनच्या इंडिया सोसायटीने १९१५ मध्ये काढला. त्याच्या लांबलचक शीर्षकात म्हटलं आहे की या नकला लेडी हेरिंगहॅम आणि 'त्यांच्या सहायकांनी' केल्या. हे सहायक कोण होते? भगिनी निवेदिता आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या आग्रहाने कलकत्त्याहून आलेले तरुण: नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि कर्नाटकातले व्यंकटप्पा. हैदराबादहून आलेले सय्यद अहमद आणि फजलुद्दीन. भारतीय चित्रकलेच्या इतिहासातलं पुढचं अर्धं शतक ज्यांच्याशिवाय लिहिता येणार नाही, ते नंदलाल बोस तिथे शीर्षकात 'सहायक' या एका शब्दात मावले. माहितीपत्रकातल्या फोटोत गावचा गवंडी नाही, असं आम्ही मघाशी म्हणालो. ती सवय जुनी आहे.

शीर्षकातला दुसरा शब्द 'फ्रेस्को'. अजिंठ्याची चित्रं ओल्या गिलाव्यावरची नाहीत, वाळलेल्या गिलाव्यावर काढलेली आहेत. म्हणजे काटेकोर अर्थाने ती फ्रेस्को नव्हेत. हा फरक ज्यांना सगळ्यांत चांगला कळत असणार त्यांच्याच ग्रंथावर तो शब्द छापला गेला. बाहेरून आलेला माणूस आपल्या ओळखीचा शब्द घेऊन येतो आणि तो इथल्या वस्तूला चिकटवून जातो.

एवढं सगळं मान्य करूनही आम्ही त्या कामाला मोठं म्हणतो. कारण मोजायचं काय? इंग्लंडला गेलेले कागद की इथे राहिलेली माणसं? नंदलाल अजिंठ्याहून परतले ते वेगळेच चित्रकार होऊन, आणि शांतिनिकेतनच्या भिंती त्यातून रंगल्या. असितकुमारांनी बंगालीत अजिंठ्यावर पुस्तक लिहिलं. आणि सय्यद अहमद? ते पुढे अजिंठ्याचे क्युरेटर झाले. त्यांनी लेणी सांभाळली, स्वतः नकला केल्या. हेरिंगहॅमबाई इंग्लंडला परतल्या त्या मनाने पार खचून. उरलेलं आयुष्य आजारपणात गेलं आणि १९२९ मध्ये त्या वारल्या. अजिंठ्याला त्या पुन्हा येऊ शकल्या नाहीत. पण त्यांच्याबरोबर बसून काम केलेला एक माणूस तिथेच उभा होता. आमच्या लेखी त्या दोन हिवाळ्यांची खरी कमाई ती.

आता याच्या अगदी उलट उदाहरण. तेही अजिंठ्याचंच.

१९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी हे इटालियन तज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी ऑर्सिनी यांना चित्रं वाचवायला बोलावलं. हे स्वयंसेवक नव्हेत, नावाजलेले व्यावसायिक. त्यांनी सुटलेला गिलावा पुन्हा भिंतीला धरवला, आणि ते काम उपयोगाचंही झालं. पण चित्रांवर त्यांनी लाखेचं, म्हणजे शेलॅकचं वार्निश दिलं. लावलं तेव्हा चित्रं उजळली, बघणारे खूश झाले. वर्षं गेली तशी ती लाख पिवळी पडली, मग तपकिरी. तिच्यावर धूळ बसली आणि चित्रं पहिल्यापेक्षा अंधारली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ पुढे कित्येक दशकं तो थर कणाकणाने उतरवत बसले. दोन हंगामांचं काम काढायला एक पिढी पुरली नाही.

बघा, हेरिंगहॅमकडे पद नव्हतं, चेक्कोनींकडे होतं. तरी नुकसान कुणाकडून झालं? म्हणून 'हौशी वाईट, तज्ज्ञ चांगला' इतकं हे सोपं नाही. एकीने मुख्यतः नोंद केली. दुसऱ्याने अशी गोष्ट केली जी परत काढता येईल की नाही हे त्याला माहीत नव्हतं.

'गोऱ्यांनी आमचं वाटोळं केलं' असं म्हणून आता टाळ्या घेता येतील. पण आपणही हेच केलं आहे. १९८६ ते १९९३ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं पथक कंबोडियात अंकोरवाटला गेलं. त्या देशाची तेव्हाची अवस्था आठवा. यादवी, जमिनीत सुरुंग, मदतीला यायला फारसे देश तयार नाहीत. भारत गेला, ही हिंमत होतीच. पण तिथे दगडांची जी रासायनिक धुलाई झाली तिच्यावर जगभरातून टीका झाली. शेवाळ-बुरशीबरोबर दगडाचा जुना पृष्ठभागही गेला, असा आक्षेप होता. चेक्कोनींच्या जागी या वेळी आपण होतो.

पुढे, २००४ च्या सुमारास, भारतीय पथक तिथल्याच ता प्रोम मंदिरावर काम करू लागलं. भिंतींना विळखा घालून बसलेली प्रचंड झाडं ही त्या मंदिराची ओळख. तिथे झाडं सरसकट तोडली नाहीत. कुठली मुळं भिंत पाडताहेत आणि कुठली सावरून धरताहेत, हे वृक्षतज्ज्ञांकडून आधी पाहिलं. म्हणजे माणसं शिकतात. फक्त ते शिकणं परक्याच्या देवळावर होऊ नये.

हे सगळं सांगून झाल्यावर आमची स्वतःची गोष्ट लपवणं बरं नव्हे.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही काही मित्र याच भागातल्या एका गावी श्रमदानाला गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. गावाबाहेर एक पडकं हेमाडपंती देऊळ. काळा दगड, चुन्याशिवाय रचलेला, वर शेवाळ, शेंदराची पुटं, कुणीतरी मारलेला ऑइल पेंट. आम्ही उत्साहात होतो. तारेचे ब्रश आणले, बाथरूम धुवायचं ॲसिड आणलं. दोन दिवसांत देऊळ 'स्वच्छ' केलं. गावाने नारळ दिला, आमचे फोटो निघाले.

दोन-तीन वर्षांनी दगडांच्या जाणकार बाईंना घेऊन आम्ही पुन्हा गेलो. त्यांनी दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "इथे काय होतं?" नक्षीच्या कडा बोथट झाल्या होत्या, एका आकृतीचा चेहरा सपाट होता. आम्ही म्हटलं, आधीपासून असंच असेल. त्या म्हणाल्या, "आधीचा फोटो दाखवा." आमच्याकडे आधीचा फोटो नव्हता. आमचे स्वतःचे चाळीस फोटो होते, देवळाचा आधीचा एकही नव्हता.

म्हणजे आम्ही काय घालवलं हेसुद्धा आम्हांला कधी कळणार नाही. मंडळी, आजच्या व्याख्यानाचं मूळ तिथे आहे.

म्हणून आम्ही कामांचे तीन भाग करतो. पहिलं, नोंद: फोटो, मोजमाप, रेखाटन, म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेली माहिती. दुसरं, ओझं: कचरा उचलणं, पाणी आणणं, आलेल्या माणसांना रांगेत ठेवणं, जाणकार सांगेल ते वाहून नेणं. तिसरं, हात: म्हणजे प्रत्यक्ष दगडाला, गिलाव्याला, मुळांना, मातीला हात घालणं. पहिली दोन कामं कुणीही शिकून करावीत. तिसरं काम वर्षानुवर्षांच्या उमेदवारीशिवाय कुणी करू नये, मग तो पॅरिसचा असो की पिंपळगावचा.

माती यात का घातली ते सांगतो. याच रस्त्यावर पुढे सिंदखेडराजा आहे. तिथे २०२४ मध्ये लखुजी जाधवरावांच्या समाधीच्या जतनाचं काम चाललं होतं. काम करताना पुरातत्त्व खात्याच्या लोकांना जमिनीत काही दगड रचलेले दिसले. त्यांनी घाई केली नाही. थराथराने खणलं. आधी एका जुन्या मंदिराचा पाया लागला, मग शेषशायी विष्णूची अखंड मूर्ती निघाली. जवळजवळ पावणेदोन मीटर लांब, पायाशी लक्ष्मी. आता कल्पना करा, त्याच जागी आपण 'परिसर सपाटीकरण' म्हणून शंभर पोरं आणि एक जेसीबी नेला असता तर? दगड मिळाले असते, ट्रॉलीत भरले असते, कुठल्या तरी बांधाला लागले असते. आणि आपण नारळ घेऊन घरी आलो असतो.

आणि लोणार? तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथेही बाहेरची माणसं आली आहेत. हे विवर उल्कापाताने झालं याचा पक्का पुरावा १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला, तो अमेरिकी आणि भारतीय भूवैज्ञानिकांनी मिळून दिलेला. लेखकांत दोन्हीकडची नावं आहेत. 'आणि सहायक' नाही. एकत्र काम असंही करता येतं. २०२० मध्ये लोणारला रामसर दर्जा मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं आणि जगभर फोटो फिरले. पण विवरात उतरून काठाने चाला. जुनी मंदिरं मुळांनी फोडलेली, दगड निखळून पडलेले. वर गावात दैत्यसूदनाचं मंदिर, तारकाकृती, छतापर्यंत कोरलेलं. त्याला संरक्षण आहे. पण आतल्या प्रत्येक पडक्या देवळाचा प्रत्येक दगड कुठे होता आणि आज कुठे आहे, याचा वर्षावर्षाचा फोटो सुलतानपूरच्या किंवा लोणारच्या शाळेत आहे का? परदेशी जाण्याला आमचा विरोध नाही. पण ज्याने इथे एक खांब मोजला नाही, त्याच्या हातात तिथे थापी द्यावी का?

तर काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मुलीला जाऊ द्या. पण पैसे भरण्याआधी तिने त्या लोकांना चार गोष्टी विचाराव्यात. एक, मला कोणतं काम देणार: नोंद, ओझं की हात? पहिल्याच आठवड्यात 'हात' म्हणाले तर जाऊ नये. दोन, मी भरलेल्या पैशांतून त्या गावच्या किती कारागिरांना मजुरी मिळते? तीन, मी गेल्यावर हे काम कोण पाहतं, त्याच्याशी मला आधी बोलता येईल का? आणि चार, माझ्या कामाची नोंद कुठे राहते, तिथे की तुमच्या कार्यालयात? चांगली संस्था असेल तर तिला या प्रश्नांचा आनंदच होईल. युनेस्कोचा जागतिक वारसा स्वयंसेवक उपक्रम २००८ पासून चालतो, आणि अशा कामांत तरुणांनी शिकायला यावं हा त्यामागचा विचार आहे. वाचवायला नव्हे, शिकायला. हा एक शब्द बदलला की सगळं बदलतं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.

प्रश्न: सर, पुरातत्त्व खातं वर्षानुवर्षं येत नाही. देऊळ डोळ्यांदेखत पडतं. तेव्हा पण हात लावायचा नाही?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं सोपं उत्तर आमच्याकडे नाही. संरक्षित स्मारक असेल तर परवानगीशिवाय हात लावणं १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे आधी लक्षात ठेवा. पण न लावताही करता येण्यासारखं पुष्कळ आहे. पडलेला दगड पडला तिथेच ठेवा, त्यावर खूण करा, फोटो काढा, तारीख घाला. तो बांधाला किंवा ओट्याला जाऊ देऊ नका. शंभर वर्षांनी जाणकार आला तरी दगड जागेवर असेल तर देऊळ पुन्हा उभं राहतं. दगडच गेला तर कितीही पैसा आणा, नवंच देऊळ होतं. आणि तारीख घातलेले दोन वर्षांचे फोटो अर्जाला जोडा. नुसत्या निवेदनापेक्षा तो कागद जड असतो.

प्रश्न: आमच्या गावात मंदिराला टाइल्स बसवल्या, रंग दिला. लोकांची श्रद्धा आहे. त्यांना नाही कसं म्हणायचं?

श्रद्धेशी भांडू नका. ज्या देवळात दिवा लागतो ते देऊळ टिकतं, हे पडक्या देवळांनी आपल्याला शिकवलं आहे. फक्त एवढं म्हणा, फरशी बसवायची तर बाहेर सभामंडपात बसवू, गाभाऱ्याचा जुना दगड झाकायला नको. त्या काळ्या दगडाला श्वास लागतो. सिमेंट आणि ऑइल पेंटने आत ओल कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. ही गोष्ट गावच्या पाथरवटाच्या तोंडून सांगा. आमच्यापेक्षा त्याचं ऐकतील.

प्रश्न: (शेवटच्या रांगेतून, एक मुलगी) ती मी. म्हणजे, परदेशी जाणारी. मला इथलं काहीच मोजता येत नाही. आता शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

बरं झालं बोललीस बेटा. पन्नास मीटरचा टेप, चौकड्यांची वही आणि मोबाइल एवढं पुरे. कुठलंही एक जुनं बांधकाम घे, देऊळ नको असेल तर गावची बारव घे. लांबी-रुंदी मोज, पायऱ्या मोज, कागदावर काढ. पहिलं रेखाटन चुकेल, दुसरंही चुकेल. वडिलांना घेऊन जा, टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच. दर सहा महिन्यांनी त्याच जागी उभं राहून त्याच कोनातून फोटो काढ. ती वही आणि त्या फोटोंची एक प्रत इथल्या वाचनालयात ठेव.

मग जा परदेशी. तिथे त्यांनी विचारलं, तुला काय येतं, तर ती वही दाखव.